खुंटीच्या पलीकडे

९ डिसेंबर

नाताळचं जेवण यंदा माझ्या गळ्यात पडलं. नको म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पोलेतनं वहीत माझं नाव लिहूनही टाकलं. पोलेत आमच्या पिनेद वसाहतीची अध्यक्ष. वय बहात्तर, आवाज हवालदाराचा. म्हणाली, "ल्युसेत, इतकी वर्षं फेर्नां करत होता, आता तू कर. उगाच आढेवेढे घेऊ नकोस."

फेर्नांला जाऊन नऊ महिने झाले. तो होता तोवर मला डायरीची गरज नव्हती, दिवसभर त्याच्याशीच भांडत असायचे. आता कुणाशी भांडू, म्हणून ही वही आणली.

उन्हाळ्यात इथं पिनेदमध्ये दोन हजार माणसं नागवी हिंडतात, हिवाळ्यात आम्ही सोळा उरतो. बाकी पाइनची झाडं, कुलूप घातलेली लाकडी घरं आणि टेकाडामागं समुद्राचा आवाज. थंडीत आम्हीही कपडे घालतो, वेडे थोडेच आहोत. फक्त तरणतलावाच्या हॉलमध्ये बॉयलर पेटवलेला असतो, तिथं बाराही महिने एकच नियम. बाहेरच्या खोलीत खुंट्या आहेत, प्रत्येकाच्या नंबराच्या. अंगावरचं सगळं तिथं टांगायचं, टॉवेल घ्यायचा आणि आत जायचं. खुंटीच्या पलीकडे कपडा नाही. नाताळबाबालासुद्धा आमच्याकडे फक्त दाढी आणि टोपी मिळते.

आणि मी जन्मभर शिंपीण. यावरून मी इतके विनोद ऐकलेत की आता कुणी सुरुवात केली की शेवट मीच सांगून टाकते.

१२ डिसेंबर

रेमीला फोन केला. दरवर्षी करते. नाताळला ये म्हणते, तो नाही म्हणतो, मग आम्ही हवेबद्दल बोलतो. यंदा मात्र म्हणाला, "बघतो, आई. सुट्टी मिळते का ते बघतो." यंदा हवेबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

माझा एकुलता एक मुलगा. नांतमध्ये बस चालवतो, बेचाळीसचा झाला. बावीस वर्षांत त्यानं पिनेदमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. बापाच्या मातीलाही आला नाही. फोनवर आवाज ऐकला की दचकायला होतं, अगदी फेर्नां बोलतोय असं वाटतं.

काय झालं ते एकदा लिहून टाकते. तो तेव्हा वीस वर्षांचा, सक्तीच्या लष्करी नोकरीवर होता. नाताळच्या रजेवर न कळवता आला आणि हॉलच्या दारात गणवेशात उभा राहिला. सगळे जेवायला बसले होते. गणवेश काढ, मग आत ये, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, आज नाही काढणार. फेर्नांनं अल्जीरियात युद्ध पाहिलेलं, गणवेश बघितला की त्याला घास जायचा नाही. फेर्नां म्हणाला, "मग जा. इथं तुझी जागा नाही." आणि पोरगा गेला.

बापलेकांच्या हट्टात माझी बावीस वर्षं गेली. या वर्षी तो आला पाहिजे. मी अडुसष्टची आहे, अजून किती वेळा फोन करणार?

१६ डिसेंबर

लिहू की नको असं सकाळपासून चाललंय.

काल दुपारी चारच्या सुमाराला धुकं उतरलं. मी चेस्टनट सोलत खिडकीशी बसले होते. समोरच्या पाइनच्या रांगेतून फेर्नां चालत गेला.

त्याचा तपकिरी कोट, लांब, डोक्यावर टोपी ओढलेली. तो कोट मी शिवलाय. उजव्या कोपरावर हिरवं ठिगळ आहे, कारण तपकिरी कापड संपलं होतं. माझ्या हातचं ठिगळ मी शंभर पावलांवरून ओळखते. आणि चालही तीच, डावा खांदा जरा खाली, सायकल हातात धरून चालल्यासारखी.

तो कोट मी ऑक्टोबरमध्ये बाझिलला दिला होता, "कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे" म्हणून. बाझिल शेजारी राहतो, म्हातारा, बायको गेलेली, पूर्वी बेकरी चालवायचा. तो चर्चच्या पेटीत टाकणार होता. म्हणजे कोट कधीच गेला. मग जे दिसलं ते काय होतं?

चेस्टनट सोलताना बोट कापलं. बराच वेळ कळलंही नाही.

१८ डिसेंबर

सकाळी दार उघडलं तर पायरीशी लाकडं रचून ठेवलेली. फोडलेली, नीट, प्रत्येकाची साल वर. पावसाचं पाणी आत मुरू नये म्हणून फेर्नां तशीच रचायचा. लहानपणी रेमीला त्यानं तेच शिकवलं होतं, एक ओंडका उलटा लागला की सगळी रास पाडून पुन्हा रचायला लावायचा. दुसरं कुणी इथं असं रचत नाही. बाझिल तर लाकडं नुसती फेकतो.

बाझिललाच विचारलं, "तू ठेवलीस का रे?" तो खोकत म्हणाला, "हो... नाही. असेल कुणी." रोज सकाळी कॉफीला बोलावतो, तीन दिवस बोलावलं नाही. दार अर्धं उघडून बोलला. सर्दी झालीय म्हणे. सर्दी झालेला माणूस बेकरीतून दोन-दोन पाव आणतो आणि वर लोण्याचे क्रोसाँ? मी म्हटलं, "एवढं कोण खातंय रे?" तर म्हणाला, "थंडीत भूक लागते." आधीच ढेरी सुटलीय. कपड्यात झाकते म्हणून खा म्हणावं, एप्रिलमध्ये दिसेलच.

त्याला कोटाबद्दल काही बोलले नाही. कुणालाच नाही. ल्युसेतला मेलेला नवरा दिसतो, हे पोलेतच्या कानावर गेलं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर दारात.

२० डिसेंबर

सभा. प्रश्न पहिला: स्वयंपाक करणाऱ्यानं ॲप्रन बांधावा की नाही? मागच्या वर्षी कोंबड्याची चरबी उडून पोलेतच्या पोटावर फोड आले होते, तरी ती म्हणते, "ॲप्रन हा कपडाच." मी म्हटलं, "मग तूच तळ." ॲप्रन मंजूर झाला.

मग बाझिल उभा राहिला. हा माणूस सभेत नेहमी झोपतो. कागद हातात घेऊन म्हणाला, या वर्षीपुरतं, कुणी पाहुणा आला आणि त्याला कपडे काढायचे नसले, तर त्याला तसंच जेवायला बसू द्यावं.

पोलेत म्हणाली, "आणि उद्या तो आपल्याकडे बघत बसला तर?"

"तुझ्याकडे बघून बघून किती बघणार?" बाझिल म्हणाला. सगळे हसले, पोलेतही.

हात वर करायला सांगितले. सात एका बाजूला, सात दुसऱ्या. बाझिलनं ठराव मांडलेला, म्हणून त्याचं मत मोजायचं नाही अशी आमची पद्धत. राहिले मी. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण नियमाचा खरा राखणदार फेर्नां, आणि मी त्याची बायको. मला फेर्नां दिसेना, दारातला रेमी दिसायला लागला. त्या दिवशी हा ठराव असता तर आम्ही त्याला जा म्हटलंच नसतं. मी हात वर केला.

बाहेर पडताना बाझिलनं माझे दोन्ही हात धरले. म्हातारा रडवेला झाला होता. एवढ्याशा ठरावासाठी?

२२ डिसेंबर

काल संध्याकाळी पुन्हा दिसला. या वेळी माझ्या घरासमोर, झाडाला टेकून, कितीतरी वेळ. मी दिवा लावला नाही. मी इकडे उभी, तो तिकडे. मला भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त काय वाटलं असेल तर, बरं वाटलं. सूप उकळत होतं. एक वाडगा भरून पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. सकाळी वाडगा रिकामा, धुऊन पालथा घातलेला. फेर्नांनं जिवंतपणी एक कप विसळला नव्हता. मेल्यावर माणूस सुधारतो म्हणायचं.

दिवसभर विचार केला. तो का आलाय? जेवण मी करतेय ते बघायला? नाही. ठराव होणार हे त्याला आधीच कळलं असणार, म्हणून. त्याचा नियम मोडला, माझ्या हातानं मोडला, म्हणून तो दारावर पहारा द्यायला आलाय. रेमी "बघतो" म्हणाला आणि हा नेमका त्याच आठवड्यात उगवला, हा योगायोग नाही. बाप दाराशी उभा असेल तर पोरगा आत कसा येणार?

त्या रात्रीचं पुन्हा पुन्हा आठवतं. सगळे गप्प झाले होते. दार उघडं होतं, गार वारा आत येत होता, मेणबत्त्या विझायला लागल्या. कुणीतरी उठून काहीतरी बोलायला हवं होतं. दाराच्या सगळ्यात जवळ मीच होते.

असो. ठरवलं. आता दिसला की त्याला सांगायचं. ज्याला जायचंय त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो घुटमळत राहतो. माझी आजी म्हणायची, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, बघितलं तर तो राहतो.

२४ डिसेंबर, सकाळ

रेमीला फोन लावला. उचलत नाही. बारा तारखेनंतर एकदाही उचललेला नाही. येत असेल का? की टाळतोय?

ऑयस्टर आले, सहा पेट्या. कोंबडे दोन. पोलेत केकवरून किटकिट करतेय. चार वाजता हॉलमध्ये जमायचं, नऊला बॉयलरची लाकडं संपतात, त्याच्या आत सगळं उरकायचं. मी सतरावी खुर्ची मांडून ठेवलीय. विचारलं तर सांगेन, चुकून मांडली.

२५ डिसेंबर

झालं. सांगितलं त्याला. लिहून ठेवते.

काल संध्याकाळचे पाच वाजले असतील. हॉलमध्ये वाफ कोंदलेली, सगळे आपापल्या टॉवेलवर बसून ऑयस्टर उघडत होते. बाझिल काही खात नव्हता, सारखा दाराकडे बघत होता. मी ॲप्रन बांधून कोंबड्यावर रस ओतत होते. काचेच्या दारापलीकडे, खुंट्यांच्या खोलीत, तपकिरी काहीतरी हललं.

पळी हातात तशीच घेऊन मी बाहेर गेले आणि दार मागे लावून घेतलं. कोंबड्याच्या वाफेनं चष्मा आधीच पांढरा झाला होता. तो काढून ॲप्रनच्या खिशात टाकला. चष्म्याशिवाय मला माझा हातसुद्धा नीट दिसत नाही, पण कोट दिसला. तो सात नंबरच्या खुंटीखाली उभा होता. ती फेर्नांची खुंटी. टोपी अजून डोक्यावर होती.

तो म्हणाला, "मी आलोय."

फेर्नांचाच आवाज. मी मान खाली घातली, फक्त त्याच्या बुटांकडे बघितलं. ओले होते.

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. रोज बघते. आता जा. इथं तुझी जागा नाही."

तो एक पाऊल पुढं आला. मी पळी पुढं धरली, जशी काही मी त्याला मारणारच होते. म्हटलं, "जा म्हणते ना. मला आता जगू दे."

ओले बूट मागं वळले. मग बाहेरचं दार उघडलं, धुकं आत आलं, दार लागलं. मी चष्मा पुसून घातला. खोलीत कुणी नव्हतं. फरशीवर पाणी होतं तेवढं.

आत गेले तर बाझिल उभाच. विचारलं, "कोण होतं?" म्हटलं, "कुणी नाही, वारा." त्याचा चेहरा पांढरा पडला. टॉवेल खुर्चीवर टाकून तो तसाच बाहेर धावला आणि पुन्हा आला नाही. त्याच्या वाटचा केक पोलेतनं खाल्ला.

माझं मन हलकं झालंय. फेर्नां आडवा येणार नाही आता. सकाळपासून तीनदा फोन लावला. रेमी उचलत नाही, सणाचा दिवस, कामावर असेल. लागला की सांगेन, आता बिनधास्त ये.

बाझिलच्या घरातून धूर नाही. दार वाजवलं, उघडलं नाही. आत आहे, खोकतोय. मी काय केलंय त्याचं?

२६ डिसेंबर

बाझिल आला. बसला नाही. कोट माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "इतक्या वर्षांनी पोरगं दारात येतं आणि तू त्याला हाकलतेस? तू बाई आहेस की कोण?"

मी कोटाकडे बघत राहिले. हिरवं ठिगळ. म्हटलं, "हा तुझ्याकडे कसा?"

"तू म्हणालीस कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे. मी रेमीला पाठवला. बापाचं काहीतरी त्याच्याकडे असावं म्हणून." तो ओरडत होता. "पंधरा तारखेपासून माझ्याकडे होता तो. रोज म्हणायचा, आज जातो आईकडे, आणि तुझ्या दारापर्यंत जाऊन परत यायचा. लाकडं फोडून ठेवायचा. तूच सूप ठेवलंस ना त्याच्यासाठी? तो वेडा त्यावर केवढा खूश झाला होता. म्हणाला, आईनं ओळखलं, ती वाट बघतेय. ठरावासाठी मी सात माणसांच्या पाया पडलो. परवा आत यायचं ठरलं होतं त्याचं. आणि तू म्हणालीस, जा."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बाझिल सांगतो, मी म्हणाले, "मला वाटलं फेर्नां आहे." तीनदा म्हणाले. मग तो बसला. म्हातारा माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं, यापेक्षा ओरडत होता ते बरं.

आम्ही माणसं एकमेकांना अंगावरून ओळखतो. कुणाच्या पाठीवर तीळ कुठं आहे ते मला पाठ आहे. कपड्यातला माणूस आला की आम्हाला कपडाच दिसतो. मी कोट ओळखला, पोटचा पोर ओळखला नाही. जन्मभर कपडे शिवले त्याचं हे फळ म्हणायचं का?

बाझिलनं रेमीची चिठ्ठी दाखवली. बाझिलच्या टेबलावर ठेवून गेला होता. "आईनं जा म्हटलं. कोट ठेवून जातोय. तुझे उपकार आहेत." एवढंच.

२७ डिसेंबर

दिवसभर फोन. अकरा वेळा. बाराव्यांदा उचलला.

मी म्हटलं, "फोन ठेवू नकोस. तू बाबा आहेस असं मला वाटलं रे. बाबांचं भूत. मी त्यांना जा म्हटलं, तू यावास म्हणून."

पलीकडे कुठंतरी रेडिओ चालू होता.

मग म्हणाला, "तेच शब्द होते, आई. 'इथं तुझी जागा नाही.' त्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

मी म्हणणार होते, बाबा म्हणाले होते. तोंडापर्यंत आलं. या वहीत मी तसं लिहिलंही आहे. पण फेर्नां त्या दिवशी टेबलाच्या टोकाला बसला होता, काटा हातात धरून, आणि त्याच्या तोंडून शब्दसुद्धा निघाला नव्हता. त्यानं फक्त मान खाली घातली होती. दाराजवळ मी होते. मी उठले. सगळ्यांसमोर पोरानं शोभा केली म्हणून माझं डोकं फिरलं होतं. ते मीच म्हणाले. आणि नंतर मी इतक्यांदा फेर्नांच्या नावावर सांगितलं की तोही कधी नाही म्हणाला नाही. बावीस वर्षं त्यानं ते अंगावर घेतलं.

"हो," मी म्हटलं. "मीच म्हणाले."

मग मी ते विचारलं, जे त्याच दिवशी विचारायला हवं होतं. "तू गणवेश का काढला नाहीस?"

"पाठीवर वळ होते," तो म्हणाला. "बराकीतल्या पोरांना कळलं होतं मी कुठून आलोय ते. नागव्यांचा पोरगा म्हणून रोज पट्ट्यानं मारायचे. तुम्ही सगळ्यांनी बघितलं असतं. बाबांनी बघितलं असतं. तुमच्यामुळे मारतात, हे तुम्हाला कळायला नको होतं." मग म्हणाला, "मला फक्त तासभर बसायचं होतं, आई. अंगावर कपडे ठेवून."

मी रडले. त्यानं रडू दिलं, फोन ठेवला नाही. रेडिओ मात्र बंद केला.

शेवटी मी म्हटलं, "तू इकडे येऊ नकोस. मी येऊ का तिकडे? उद्याची गाडी आहे."

मला वाटलं फोन कटला.

मग तो म्हणाला, "कपडे घालून येशील ना?"

थट्टा करत होता की खरंच विचारत होता, मला कळलं नाही. मी हो म्हटलं.